नत्र, स्फुरद आणि हॉलमधला समुद्र

किल्लारी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर ३० सप्टेंबर १९९३ची पहाट येणार, हे मला ठाऊक आहे. आमचं गाव जगाला माहीत झालं ते त्या तारखेनं. पण आजचा विषय जरा वेगळा आहे. आमच्या हॉलमध्ये २०० लिटरचा समुद्र आहे! खरा समुद्र इथून साडेतीनशे किलोमीटरहून जास्त लांब, तेव्हा हा घरीच बनवलेला. गोड्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम सिंथेटिक सी-सॉल्ट घातलं, की झाला अरबी समुद्र. टँक तळमजल्यावर, भिंतीला पक्क्या जखडलेल्या लोखंडी स्टँडवर आहे. का, हे किल्लारीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मी लातूरला एका बँकेत नोकरी करते, रोजची ये-जा. दिवसभर लोनच्या फायली, संध्याकाळी क्लाउनफिशची जोडी आणि डोलणारे सॉफ्ट कोरल. स्ट्रेस एकदम गायब! या सिनेमात व्हिलन एकच आहे, तो म्हणजे शेवाळ. रीफ टँक सोडून देणाऱ्या बहुतेकांना विचारा, पहिलं कारण हेच सांगतील. म्हणून आज त्याचीच चंपी करू.

आधी ओळख परेड

सगळ्या शेवाळाला एकच औषध नसतं, कारण सगळं शेवाळ एक नसतं. नव्या टँकमध्ये काचेवर, वाळूवर तपकिरी धूळ बसते, ते डायटम. पाण्यातल्या सिलिकेटवर वाढतात आणि काही आठवड्यांत बहुधा आपोआप जातात. दगडावर हिरवे लांब केस आले तर ती हेअर अल्गी. हिरवे मण्यांसारखे फुगे म्हणजे बबल अल्गी. ते टँकमध्ये फोडू नका, अख्खे उचला. लालसर-जांभळी साय धरली तर ते शेवाळच नाही, सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू आहेत. तपकिरी चिकट तारा आणि त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे दिसले, तर डायनोफ्लॅजेलेट असण्याची शक्यता मोठी. आणि गुलाबी-जांभळा टणक थर? तो कोरलाइन. तो आपला दोस्त, त्याला हात लावायचा नाही.

आप्पांचं एक वाक्य

या सगळ्यात खरा त्रास हेअर अल्गीचा. टेस्ट किट घेऊन मी नायट्रेट आणि फॉस्फेट मोजत होते, तेव्हा आप्पांनी विचारलं, हे काय मोजतीस? मी सांगितलं. ते म्हणाले, "अगं, हे तर नत्र अन् स्फुरद! खत टाकल्यावर तण वाढणारच की."

संपला विषय! सगळी केमिस्ट्री एका वाक्यात. शेतकऱ्याच्या घरात 'तण खाई धन' लहानपणापासून ऐकलेलं असतं. टँकमधलं शेवाळ हे तसलंच तण. ते उपटता येतं, पण खत चालू असेल तर पुढच्या आठवड्यात परत हजर. रीफ टँकसाठी नायट्रेट लिटरला साधारण २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम एवढं ठेवायचं. मग हे खत येतं कुठून? दोन दारांनी. एक माशांचं खाणं आणि दुसरं चक्क आपलं पाणी.

मे महिन्याचा हिशेब

लातूरच्या एका मित्राचा टँक उन्हाळ्यात हिरवागार झाला. खाणं मोजून, लाइट मोजून, तरी हिरवा. उडालेल्या पाण्याच्या जागी तो रोज बोअरचं पाणी टाकत होता. घरात सगळे पितात, मग माशांना काय होतंय, असा त्याचा साधा सवाल होता.

आता हिशेब बघा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. टँक २५-२६ अंशांवर ठेवायला पंखा लावला, की माझ्या टँकमधून दिवसाला साडेचार लिटरच्या आसपास पाणी उडतं. म्हणजे ४५ दिवसांत साधारण २०० लिटर, अख्खा टँक! उडतं ते फक्त पाणी, त्यातलं बाकी सगळं मागे राहतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची कमाल मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. समजा, बोअरचं पाणी बरोबर त्या मर्यादेवर आहे, म्हणजे पिण्यासाठी पास. ते दीड महिना टाकलं, तर टँकच्या प्रत्येक लिटरमध्ये आणखी ४५ मिलिग्रॅमची भर पडते. आपल्याला तर दहाच्या आत राहायचंय!

म्हणून मीठ कालवायला आणि रोजची भर घालायला आरओचं पाणी, तेही पुढे डीआय रेझिनमधून काढलेलं. टीडीएस मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. आकडा वर सरकायला लागला की रेझिन बदलायचं.

शुद्ध पाण्याची किंमत

इथे मात्र मराठवाड्याच्या माणसानं थांबून विचार करायला हवा. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर बाहेर टाकतो. रोजची भर आणि आठवड्याला दहा टक्के पाणीबदल धरला, तर उन्हाळ्यात मला आठवड्याला पन्नासेक लिटर शुद्ध पाणी लागतं. म्हणजे दीडशे लिटर बाजूला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो हा जिल्हा. आमच्याकडे ते दीडशे लिटर पिंपात जातं आणि फरशी, फ्लश, गाडी यांना पुरतं.

त्याहून मोठी बचत खत आत जाऊ न देण्यात आहे. नायट्रेट चढलंच नाही, तर पाणी बदलायची घाई नाही. फ्रोजन फूड वितळवून गाळून घ्या, ते गढूळ पाणी टँकमध्ये ओतू नका. मासे दोन मिनिटांत संपवतील तेवढंच द्या.

काट्यानं काटा

जे आत गेलंच, ते बाहेर काढायचं. प्रोटीन स्किमर फेसाबरोबर घाण कुजायच्या आधीच उचलतो. लोखंडाच्या ऑक्साइडचे दाणे फॉस्फेट धरून ठेवतात. पण माझी फेव्हरिट आयडिया म्हणजे शेवाळानं शेवाळ मारणं! खालच्या टाकीत चेटोमॉर्फा नावाचं गुंतवळासारखं शेवाळ रात्री लाइट लावून वाढवायचं आणि दर पंधरवड्याला मूठभर कापून टाकायचं. नत्र-स्फुरद त्याच्याबरोबर बाहेर. वर हेअर अल्गीची उपासमार.

सोबत ट्रोकस किंवा टर्बो गोगलगायी हव्यातच. चरणाऱ्यांचं महत्त्व जमैकाच्या समुद्रानं दाखवलंय. अतिमासेमारीनं तिथे शेवाळ खाणारे मासे आधीच कमी झाले होते, १९८०च्या वादळानं प्रवाळ मोडलं, आणि १९८३-८४ मध्ये रोगानं शेवाळ चरणारे काळे समुद्री साळू जवळजवळ संपले. तळाच्या निम्म्याहून जास्त भागावरचं जिवंत प्रवाळ १९९०च्या दशकापर्यंत ५ टक्क्यांच्या खाली आलं. जागा घेतली शेवाळानं.

हे मात्र नको

गोड्या पाण्याच्या टँकसाठी मिळणारी शेवाळनाशकं नकोत. त्यातल्या बऱ्याच औषधांत तांबं असतं, आणि ते गोगलगायी, कोळंबी, कोरल सगळ्यांना मारतं. एकदम खूप शेवाळ मेलं तर ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजनही संपतो. नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्यावर नेण्याचा हट्टही नको, कारण डायनोफ्लॅजेलेट बऱ्याचदा तेव्हाच डोकं वर काढतात. सायनोच्या सायीवर तीन दिवस पूर्ण अंधार हा उपाय करून बघता येतो, पण एअर पंप चालू ठेवून. लाइट गेले तरी पाणी फिरत राहावं म्हणून पंप इन्व्हर्टरवर हवा.

आणि दगडी प्रवाळ तर अजिबात नको. आपल्या समुद्रातलं रीफ बांधणारं सगळं प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. माझ्याकडचे दगड माणसानं बनवलेले आहेत. क्लाउनफिशही पैदास केलेलेच घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याचं तंत्र भारतातच तयार केलंय.

रविवारची वीस मिनिटं

• नायट्रेट, फॉस्फेट आणि खारटपणा मोजून वहीत लिहा.
• दगडावरचे हिरवे केस टूथब्रशनं सोडवा, पण त्याच वेळी नळीनं बाहेर खेचा. तुकडे आत राहिले तर तेच पुन्हा रुजतात.
• स्किमरचा कप धुवा, वाळूवरचा गाळ ओढून घ्या.
• लाइट टायमरवर आठ तासच ठेवा, खिडकीचं ऊन टँकवर पडू देऊ नका.
• आकडे सलग दोन आठवडे चढले, तर आधी खाणं निम्मं करा आणि आठवडाभर थांबा. पाणी बदलायचं की नाही, ते पुढच्या रविवारी आकडा बघून ठरवा.