तळ्याकाठच्या वालुकागिरी : मिशिगन सरोवर

वाळू कुठली? हिमयुगातील हिमनद्यांनी मागे टाकलेल्या गाळाची. लाटा काठचे कडे कोरतात, प्रवाह वाळू पुळणीवर आणतात.

वारा काय करतो? साधारण ताशी २० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात कोरडे कण जमिनीलगत उड्या मारत सरकतात. ओली वाळू सहसा हलत नाही. वारे मुख्यतः पश्चिमेकडून येतात, म्हणून मोठ्या वालुकागिरी पूर्व किनाऱ्यावर आहेत. वाऱ्याकडचा उतार मंद, आडोशाचा तीव्र : सुमारे ३० ते ३४ अंश.

गवत नसते तर? वाळू पसरत गेली असती. मॅरम गवत वारा अडवते, कण खाली पडतात. वाळूत गाडले गेले तरी ते मरत नाही, उलट वर नवे कोंब काढते. टेकडीची उंची अशी वाढते.

प्रकार
- अग्रगिरी : पाण्यालगतची, समांतर रांग.
- परवलयाकार : गवत तुटले की वारा तिथे खळगा पाडतो, आतली वाळू पुढे सरकते, दोन्ही बाहू मागे राहतात.
- कड्यावरच्या : स्लीपिंग बेअर येथील वालुकागिरी पाण्यापासून सुमारे १३७ मीटर उंच, पण त्यातला बराचसा भाग हिमनदीच्या गाळाचा, वाळू फक्त माथ्यावर.

नोंदी
- १८७१च्या आगींनंतर शिकागोच्या पुनर्बांधणीसाठी मिशिगन राज्यातील सिंगापूर या गावाभोवतालचे जंगल तोडले गेले. मोकळ्या झालेल्या वाळूने ते गाव गाडले.
- १८९९ : वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री कोल्स यांचा इथल्या वनस्पतींच्या अनुक्रमणावरचा (एका वनस्पतिसमूहाची जागा क्रमाने दुसऱ्याने घेण्यावरचा) अभ्यास प्रसिद्ध. परिसंस्थाशास्त्राच्या पायाभूत कामांपैकी एक.
- २०१९ : याच सरोवराकाठच्या ‘इंडियाना ड्यून्स’ला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा.