गाडीतली म्युझिक सिस्टीम गरम का होते?

मे महिन्यातली दुपार. लखनौत पारा ४४ अंशांवर पोहोचलेला. तुम्ही मुलांना घेऊन आग्र्याला निघाला आहात. ३०२ किलोमीटरचा एक्स्प्रेसवे, गाडीत मोठ्या आवाजात गाणी. तासाभराने मुलीचा हात सीटखालच्या ॲम्प्लिफायरला लागतो आणि ती दचकते, ‘‘आई, हे किती तापलंय!’’

अशा वेळी मनात पहिली शंका आगीची येते. पण प्रत्येक वेळी घाबरायचं कारण नसतं. कोणती ऊब नेहमीची आणि कोणती धोक्याची, एवढं कळलं तरी पुरे.

ऊब येते कुठून?

ॲम्प्लिफायर बॅटरीकडून घेतलेली सगळी वीज स्पीकरला देत नाही. जुन्या पद्धतीच्या ‘क्लास एबी’ ॲम्प्लिफायरमध्ये जवळपास निम्मी वीज उष्णतेत जाते. ‘क्लास डी’ प्रकारात ८० ते ९० टक्के वीज कामी येते, म्हणून तो कमी तापतो. ॲम्प्लिफायरच्या पाठीवरच्या धातूच्या पट्ट्या ही उष्णता बाहेर टाकण्यासाठीच असतात. त्या कोमट लागणं म्हणजे त्या आपलं काम करत आहेत.

दुसरं कारण गाडीच्या १२ व्होल्टचं. घरात २३० व्होल्टवर ४०० वॅटच्या उपकरणाला २ अँपिअरहूनही कमी करंट लागतो. गाडीत तेवढ्याच वॅटसाठी सुमारे ३३ अँपिअर लागतो. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. त्यामुळे वायर बारीक असेल किंवा जोड सैल असेल तर तीच जागा आधी तापते.

त्यात उन्हाची भर. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतलं तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी सहज वाढतं. भोवतालची हवाच तापलेली असेल तर ॲम्प्लिफायरने आपली उष्णता टाकायची कुठे?

सावध कधी व्हाल?

• ॲम्प्लिफायरवर ५ सेकंदही हात ठेवता येत नसेल तर.
• गाणी मध्येच बंद पडून थोड्या वेळाने आपोआप सुरू होत असतील तर. खूप तापल्यावर बरेच ॲम्प्लिफायर स्वतःहून बंद होतात.
• आवाज वाढवल्यावर तो फाटत असेल तर. अशाने स्पीकरची कॉईल तापून जळू शकते.
• फ्यूज वारंवार उडत असेल तर.

जळका वास किंवा धूर आला तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवून गाडीपासून आणि वाहतुकीपासून दूर न्या. धूर येत असताना बॉनेट उघडू नका.

या गोष्टी पाळा

• गाडीत बसल्यावर आधी काचा उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा. आवाज त्यानंतर वाढवा.
• ॲम्प्लिफायरवर मॅट, चादर किंवा सामान ठेवू नका. त्याच्याभोवती मोकळी जागा हवी.
• सिस्टीम बसवताना वायर शुद्ध तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची, हे विचारा. मुलाम्याची वायर स्वस्त असते, पण तेवढ्याच जाडीत लवकर तापते.
• मुख्य वायरचा फ्यूज बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत असावा.
• उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार कधीही लावू नका. फ्यूज जळतो म्हणून वायर वाचते. तो जळायचा थांबला की जळायची पाळी वायरची येते.
• ॲम्प्लिफायरला झेपतील एवढेच स्पीकर जोडा. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार २ ओहमचा होतो आणि करंट वाढतो.

आग्र्याला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सीटखाली एकदा डोकावून पाहा. तिथे कोंबलेली चादर आणि चपला बाहेर काढायला दोन मिनिटंही लागत नाहीत.