न निजणारी वास्तू

नाशिक शहरातील द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गास पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. रात्र चढू लागली की आसपासची दुकाने बंद होतात आणि घरोघरचे दिवे मालवतात. परंतु चौकानजीकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयातील दिवे रात्रभर जळत राहतात. कोणतेही रुग्णालय ही न निजणारी वास्तू असते. शस्त्रक्रियेचे दिवे, लस थंड राखणारे शीतकपाट, अशक्त नवजात बालकास ऊब देणारी काचपेटी, यांचे काम थांबून चालत नाही.

ते थांबले तर काय होते, हे नाशिककरांनी पाहिले आहे. करोनाच्या साथीत, २१ एप्रिल २०२१ रोजी, याच रुग्णालयातील द्रवरूप प्राणवायूच्या टाकीस गळती लागली. नळ्यांतील दाब घटला आणि वीसहून अधिक रुग्णांचे प्राण गेले. हे संकट विजेचे नव्हते. तथापि त्याचा धडा विजेलाही लागू पडतो. ज्या वस्तूवर प्राण अवलंबून आहेत, तिची पर्यायी व्यवस्था सदैव सज्ज हवी.

वीज गेली असता रुग्णालयाचा भार जनित्रावर आणि बॅटरीवर येतो. हा साठा मर्यादित असतो. म्हणून भार जितका कमी, तितका तो अधिक वेळ पुरतो. जुन्या धाटणीच्या एका पंख्यास सुमारे ७५ वॅट वीज लागते. नव्या धाटणीच्या पंख्यास सुमारे ३० वॅट पुरते. म्हणजे १०० जुने पंखे ज्या बॅटरीवर दोन तास चालतील, त्याच बॅटरीवर १०० नवे पंखे पाच तास चालतील. हे वाढीव तीन तास एखाद्या रुग्णाचे आयुष्य वाचवू शकतात.

मात्र खरी बचत यंत्रांच्याही आधी, इमारतीच्या आराखड्यातच सुरू होते. नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २० अंशांवर आहे. तेथे उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, तर हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कलतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर योग्य मापाचा छज्जा असला, तर उन्हाळ्यातील प्रखर ऊन बाहेर राहते आणि हिवाळ्यातील कोवळे ऊन आत येते. पश्चिमेचे तिरपे ऊन छज्जाला जुमानत नाही. म्हणून त्या बाजूस जिना, कोठार किंवा दाट झाडी असावी. गच्चीला पांढरा रंग दिल्यास बरेचसे ऊन परावर्तित होऊन खालच्या खोल्या कमी तापतात. त्याच गच्चीवर सूर्याच्या उष्णतेने पाणीही तापवता येते.

वाऱ्याचे महत्त्वही पूर्वीच्या वैद्यांनी ओळखले होते. क्षयरोगावर परिणामकारक औषध नव्हते, त्या काळी, १९१२ साली, डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणी येथे बेल-एअर हे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम स्थापन केले. विश्रांती, सकस आहार आणि शुद्ध मोकळी हवा हेच तेव्हाचे उपचार होते. आजही सामान्य कक्षात समोरासमोर खिडक्या असल्या, तर दूषित हवा बाहेर पडते आणि त्यासाठी वीज खर्चावी लागत नाही.

परंतु प्रत्येक खिडकी उघडी ठेवणे म्हणजे शहाणपण नव्हे. शस्त्रक्रियागृहात धुळीचा कणही घातक ठरू शकतो. तेथे यंत्राने गाळलेली हवाच हवी. लसींना बहुधा २ ते ८ अंश सेल्सिअस एवढेच तापमान मानवते. तेथे विजेची कसर करून भागणार नाही. जेथे निसर्ग काम करतो तेथे यंत्र चालवू नये, आणि जेथे यंत्रावाचून गत्यंतर नाही तेथे ते क्षणभरही थांबू देऊ नये, हा विवेक रुग्णालय बांधणाऱ्याच्या अंगी असावा लागतो.

घरातील काटकसरीने पैसा वाचतो. रुग्णालयातील काटकसर ही संकटाच्या घटकेसाठी बांधून ठेवलेली शिदोरी असते.