महसीरची शिदोरी

माझी नोकरी कोडिंगची, पण बालपण पुण्याचं. त्यामुळे नदी म्हटलं की मला मुळा-मुठाच आठवते. १८३९ मध्ये साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या महसीरचे शास्त्रीय वर्णन केले, ते याच नदीतल्या माशावरून! आज तिथलं पाणी बघून हे खरं वाटणार नाही.

हा मासा कमी का झाला, ते त्याच्या प्रजननावरून कळतं. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे लाखांवर अंडी घालते, महसीरची काही हजारच. पण ही अंडी मोठी, सोनेरी आणि भरपूर बलक असलेली असतात. म्हणजे मुलं थोडी, पण प्रत्येकाला भरपूर शिदोरी बांधून दिलेली! रोहूची पिल्लं एका दिवसाच्या आत बाहेर येतात, महसीरला तीन-चार दिवस लागतात. त्यानंतरही काही दिवस पिल्लू तळाशीच, कोपऱ्यात डोकं खुपसून बलकावर जगतं.

अंडी जड असल्याने तळाच्या खडीत बसतात. तिथे स्वच्छ, वाहतं पाणी हवं. पावसाळ्यात नर-मादी त्यासाठीच प्रवाहाविरुद्ध वर चढतात. वाटेत धरण आलं की चढण बंद, वाळू उपसली की पाळणा गेला, गाळ साचला की अंडी गुदमरली.

१९७० च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात सी. व्ही. कुलकर्णी यांनी माद्यांची अंडी हाताने काढून ती फळवली. मोठंच यश होतं ते! पुढे तिथली पिल्लं दूरच्या नद्यांत, कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर वेगळा आहे. पाहुणे तिथे वाढले आणि घरचा मासा मागे पडला. २०१८ मध्ये त्याची नोंद 'अति संकटग्रस्त' अशी झाली. पाहुण्यांची भरती हे त्याचं एक मोठं कारण मानतात.

हेतू चांगलाच होता. पण नुसती पिल्लं सोडून भागत नाही, नदी राखावी लागते.

महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. देवीचे मासे म्हणून गावकरी तिथे मासेमारी करत नाहीत. पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन जरूर जा. चुरमुरे टाकले की महसीर वर येतात!