संगणकाची घरघर आणि मांडवीची खारी हवा

रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावरची संध्याकाळची गर्दी ओसरली, खाद्यपदार्थांच्या गाड्या उठल्या, की जेटीच्या आसपासच्या घरांत दोन आवाज उरतात. एक लाटांचा, त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. दुसरा आवाज टेबलाखालून येतो. दहावीचा अभ्यास करणारे मूल एका कोपऱ्यात आणि हिशेबाचे काम करणारे वडील दुसऱ्या कोपऱ्यात, अशा एका खोलीच्या संसारात संगणकाच्या कॅबिनेटमागची ही घरघर रात्री दहानंतर असह्य होते. मग कोणीतरी तोडगा सुचवतो: ‘त्या पंख्याची वायरच काढून टाका!’ आवाज बंद होतो आणि काही महिन्यांत संगणकही बंद पडतो.

ही घरघर बहुतेक वेळा ज्या पेटीतून येते, तिला दुकानदार आणि दुरुस्ती करणारे ‘एसएमपीएस’ म्हणतात. भिंतीतील २३० व्होल्टच्या प्रवाहाचे संगणकाला लागणाऱ्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या प्रवाहात रूपांतर करणे हे तिचे काम. हे रूपांतर फुकट होत नाही. संगणकाला २०० वॅट हवे असतील आणि पेटीची कार्यक्षमता ७० टक्के असेल, तर भिंतीतून सुमारे २८६ वॅट खेचले जातात आणि वरचे ८६ वॅट निव्वळ उष्णता बनून पेटीतच राहतात. साध्या घरगुती दिव्याने हात भाजावा इतकी ती उष्णता असते. ती बाहेर फेकण्यासाठी पंखा असतो. याचा अर्थ असा, की पंखा हा आवाजाचा उगम असला तरी आवाजाचे कारण उष्णता होय. हे ध्यानात न घेता केलेला प्रत्येक उपाय शेवटी महागात पडतो.

याच हिशेबाची दुसरी बाजू पाहण्यासारखी आहे. कार्यक्षमता ८५ टक्के असेल, तर तेवढ्याच २०० वॅटसाठी फक्त ३५ वॅट वाया जातात. बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा दहा अंशांनी गरम असावी असे धरले, तर पहिल्या पेटीला ताशी सुमारे २६ घनमीटर हवा लागते, दुसरीला सुमारे ११. पंख्याच्या शास्त्राचा एक ठोकताळा असा, की फेऱ्या निम्म्या केल्या की आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो; आणि दहा डेसिबलची घट कानाला साधारण निम्म्या आवाजासारखी भासते. म्हणजे कमी तापणारी पेटी घेतली, की शांतता जवळजवळ आपोआप येते. सन २००४ मध्ये सुरू झालेली ‘८० प्लस’ ही प्रमाणनाची पद्धत याच कार्यक्षमतेची मोजणी करते. वीजबिलात होणारी बचत हा तिचा गाजलेला फायदा. कानाला मिळणारा आराम मात्र जाहिरातीत क्वचितच येतो.

मांडवीला या हिशेबात आणखी एक पदर आहे. तेथील हवा खारी आहे. लाटा फुटताना उडणारे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर घरात येतात, पाणी उडून जाते आणि मीठ उरते. शुद्ध मीठ हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली, की पाणी ओढून विरघळू लागते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, ते याचमुळे. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते तर याहून पुष्कळ कमी आर्द्रतेतही ओल धरतात. कोकणपट्टीत अशी पुटे खऱ्या अर्थाने कोरडी होतात ती क्वचितच. त्यात जांभ्याची तांबडी धूळ मिसळली, की पंख्याच्या पात्यांवर आणि आतल्या सर्किटवर एक चिकट थर बसतो. पात्यांवर तो असमान बसला तर तोल जातो आणि कंप सुरू होतो. सर्किटवर बसला तर ओल धरून तो विजेला चोरवाट करून देतो. लोखंडी जाळीला गंज चढतो तो वेगळाच.

आता पंखा जितकी जास्त हवा ओढेल, तितके जास्त मीठ आणि धूळ आत येणार, हे उघड आहे. पुण्याच्या घरात कमी हवा पुरणारी पेटी हा केवळ सोयीचा भाग ठरेल. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर तो यंत्राच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

अर्थात, नवी पेटी घेण्याआधी आवाज नेमका कोणाचा, हे ओळखले पाहिजे. कॅबिनेटमध्ये प्रोसेसरचा पंखा, कॅबिनेटचा स्वतःचा पंखा आणि जुन्या यंत्रात हार्ड डिस्क, असे आणखी संशयित असतात. कागदाची लांब सुरळी करून एक टोक कानाला व दुसरे मागच्या जाळ्यांजवळ फिरवले, तर उगम बहुधा सापडतो. आवाजाची जातही बरेच सांगते. संथ, एकसुरी गुणगुण ही पात्यांची असते. सात पात्यांचा पंखा मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २८० वेळा हवा कापली जाते. पेटीवादकाला हा सूर जवळजवळ काळी एकचा वाटेल. सकाळी संगणक सुरू करताच खरखर व्हावी आणि पाच-दहा मिनिटांनी ती विरावी, तर बेअरिंगमधील तेल आटू लागले आहे. संगणक बंद करून कॅबिनेट आडवे ठेवले व पुन्हा सुरू केल्यावर आवाज बदलला, तरी दोष बेअरिंगचाच. आणि बारीक, कानात घुसणारी शिट्टी, जी संगणक बंद करताच तत्क्षणी थांबते, ती पंख्याची नव्हेच. पेटीतल्या एखाद्या गुंडाळीची असते. पंखा थांबायला दोन-चार सेकंद घेतो. या शिट्टीवर पंखा बदलून काही उपयोग होत नाही, तरी बदलून घेणारे पुष्कळ भेटतात.

बिनखर्चाचे उपाय जागेचे आहेत. संगणकाच्या टेबलाला कॅबिनेटसाठी जो बंदिस्त खण केलेला असतो, तो एका सुताराच्या सोयीसाठी असावा; संगणकाच्या सोयीसाठी खचितच नाही. मागून निघालेली गरम हवा त्या खणात घुटमळते, पुन्हा पुढून आत शिरते आणि तापमानानुसार वेग बदलणारा पंखा बिचारा अधिकच जोरात धावतो. कॅबिनेट खणातून बाहेर काढून भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवल्यानेच कित्येकदा घरघर उतरते. ते समुद्राकडच्या खिडकीखाली नसावे. थेट जमिनीवरही नसावे, कारण अनेक नव्या कॅबिनेटांत एसएमपीएस तळाशी असतो आणि तो केर काढताना उडणारी धूळ ओढतो. खालून हवा खेळती राहील असा पाट किंवा ठोकळे पुरेसे होतात. धूळ बसू नये म्हणून चालू संगणकावर कापड टाकण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी.

साफसफाई पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा करावी. प्लग भिंतीतून काढावा, मग संगणकाचे बटण काही सेकंद दाबून धरावे. पेटी न उघडता बाहेरच्या जाळीतून हातातल्या ब्लोअरने धूळ उडवावी; त्या वेळी पातकी पातळ काडीने अडवून धरावी. ब्लोअरच्या झोतात पंखा गरगर फिरू दिला, तर बेअरिंग खराब होते. ओले फडके कोठेही लावू नये. पावसाळ्यात संगणक आठवडेच्या आठवडे बंद राहणे हे वापरापेक्षा वाईट. रोज तासभर चालू राहिला तर आतल्या उबेने ओल हटते.

पुढचा प्रश्न तेलाचा. पंख्याच्या मध्यभागी चिकटवलेले लेबल उचलून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला, तर बुश बेअरिंगचा पंखा काही आठवडे, कधी काही महिने शांत होतो. कोकणातल्या घरात हाताशी खोबरेल असते आणि मोह तिकडे जातो. खोबरेल थंडीत गोठते, पुढे चिकट होते आणि धुळीशी मिळून त्याचा राळेसारखा गोळा होतो. ते वापरू नये.

परंतु हा थेंब घालण्यासाठी पेटी उघडावी लागते आणि येथे गंमत संपते. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चालू स्थितीत सुमारे ३२५ व्होल्टचा एकदिश दाब असतो. निरोगी पेटीत प्लग काढल्यावर तो हळूहळू ओसरतो. बिघडलेल्या पेटीत तो तसाच राहू शकतो. प्लग काढला म्हणजे धोका टळला, हा समज टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिरांचा कधीच नव्हता. घरातल्या स्क्रूड्रायव्हरवाल्याचा मात्र असतो. पेटी उघडण्याचे काम जाणकारानेच करावे, ते काम त्याच्याकडून करून घेताना काय मागायचे, एवढे ग्राहकाला ठाऊक असले की पुरे.

मागायचे ते असे. मूळ पंखा ८० मिलिमीटरचा असेल तर त्याच मापाचा, त्याच १२ व्होल्टचा आणि तितकीच हवा देणारा पंखा बसवावा. बुशऐवजी बॉल बेअरिंगचा किंवा द्रवाच्या पापुद्र्यावर फिरणारा पंखा अधिक टिकतो. यांपैकी दुसरा अधिक शांत असतो. पत्र्यातच कापलेली जाळी हवेत भोवरे करते, त्याजागी तारेची गोल जाळी बरी. हवेची दिशा उलट होणार नाही, याची खात्री करून घ्यावी. एसएमपीएस कॅबिनेटला चार स्क्रूंनी आवळलेला असतो आणि त्यातून कंप पातळ पत्र्यात उतरून पत्राच वाजू लागतो. मधे सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले की तो आवाज मरतो. एक स्क्रू मात्र धातूला धातू लागेल असाच ठेवावा, कारण कॅबिनेटच्या अर्थिंगचा मार्ग रबराने तोडता कामा नये. उन्हाळ्यात कोरड्या कातळात अर्थिंग आधीच दुबळे असते.

दुरुस्तीवाल्याने ‘पंखा ५ व्होल्टवर टाकतो, आवाजच येणार नाही’ असे सुचवले, तर नकार द्यावा. काही पंखे तेवढ्या दाबावर सुरूच होत नाहीत. जे होतात, ते इतके मंद फिरतात की पेटी तापते. कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते. १०५ अंशांवर २,००० तासांची हमी असलेला कपॅसिटर ६५ अंशांवर ३२,००० तासांचा ठरतो, ७५ अंशांवर १६,००० तासांचा. रोज आठ तास वापर धरला, तर अकरा वर्षांची साडेपाच वर्षे झाली. हे कागदावरचे गणित आहे. खाऱ्या ओलीचा हिशेब त्यात धरलेला नाही. मांडवीतल्या ज्या छोट्या दुकानात जूनमध्ये प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज भरून दिले जातात, तेथे ऐन हंगामात पेटी जळाली तर झेरॉक्सच्या रांगेसह सगळेच थांबते.

पेटी सात-आठ वर्षांची असेल, तिच्यातल्या एखाद्या कपॅसिटरचे डोके फुगलेले असेल किंवा सर्किटवर हिरवट बुरशीसारखे डाग असतील, तर पंखा बदलण्यात पैसे घालू नयेत. नवी पेटी घेताना वॅटचा मोठा आकडा पाहून भुलू नये. साध्या घरगुती संगणकाला प्रत्यक्षात १००-१५० वॅटच लागतात. ‘८० प्लस’ची खूण, १२० मिलिमीटरचा पंखा आणि हातात घेतल्यावर जाणवणारे वजन यांना अधिक महत्त्व द्यावे. काही पेट्यांत भार कमी असेपर्यंत पंखा फिरतच नाही. खाऱ्या हवेत ही सोय उपयुक्त आहे, कारण न फिरणारा पंखा मीठही आत ओढत नाही.

अशी पेटी घरात नसेल आणि रोज घरघरणारा संगणक एके दिवशी अचानक शांत झाला, तर प्रथम मागच्या जाळीसमोर तळहात धरून पाहावा. वारा लागत नसेल, तर काम जतन करून संगणक बंद करावा आणि प्लग काढून ठेवावा.