समुद्राची हवा, पावसाळा आणि आपली बाईक

गिरगाव, दादर, परळ, लालबागमध्ये बाईक उघड्यावर लावणाऱ्यांनी हे जरूर वाचा.

समुद्राच्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण उडतात आणि बाईकवर बसतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी शोषून विरघळतं. पावसाळ्यात मुंबईची आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून जास्तच असते. म्हणजे पाऊस थांबला तरी पत्र्यावर खारट ओल राहते आणि गंज चालूच राहतो.

काय कराल?

✅ मरीन ड्राइव्हवर लाटांचे तुषार अंगावर घेतलेत किंवा दादर चौपाटीला बाईक लावलीत, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. मडगार्डची आतली बाजू, स्टँड आणि स्पोक विसरू नका.
✅ धुतल्यावर पुसून, वाळवून चेनला ल्युब लावा.
✅ पुढच्या फोर्कचे चकचकीत दांडे पुसत राहा. तिथे गंजाचे खड्डे पडले की ऑइल सील फाटतं.
✅ बॅटरीच्या टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावा.
✅ गणपतीला गावी जाताना टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत ओल धरते आणि ती आतून गंजते.

❌ ओल्या बाईकवर प्लॅस्टिकचं कव्हर नको, आत वाफ कोंडते.
❌ ब्रेक डिस्क आणि टायरवर तेल किंवा स्प्रे अजिबात नको.

रंग उडालेली जागा दिसली की लगेच पॉलिश पेपर मारून प्रायमर आणि टचअप करा. गंज रंगाखाली पसरतो, म्हणून वेळ घालवू नका. चाळीतल्या, बिल्डिंगमधल्या बाईकवाल्यांनाही पाठवा.