संगणकातील विमानाचा मळ

बेळगावजवळ सांबरा येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानतळ झाला. १८ डिसेंबर १९६१ रोजी तेथूनच भारतीय वायुदलाची सहा हंटर विमाने उडाली आणि गोव्यातील बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर त्यांनी रॉकेटे व तोफा डागल्या. त्यांपैकी एखादे विमान आज संगणकाच्या पडद्यावर उडविण्यासाठी कोणी रंगवू लागला, तर आकारापेक्षा अंगावरचा मळच त्याला अधिक छळतो.

सदरा उसवून त्याचे तुकडे पाटावर पसरावेत, तसे विमानाचे अंग संगणकात उलगडून सपाट चित्रावर मांडलेले असते. रंग एका चित्रात, चकाकी दुसऱ्यात, उंचसखलपणा तिसऱ्यात. जागा वाचविण्यासाठी दोन्ही कुशी एकाच तुकड्यावर बसविल्या, की डावीकडचा डाग उजवीकडेही उमटतो आणि विमानाचा क्रमांक उलटा होतो.

पुढची अडचण मापाची. हंटरची लांबी सुमारे १४ मीटर. ती ४०९६ ठिपक्यांत बसविली, तर एक ठिपका सुमारे साडेतीन मिलिमीटरांचा होतो. पत्र्याशी सपाट ठोकलेला रिव्हेट त्यात जेमतेम मावतो. पण हौशी रंगाऱ्याला तो दाखविल्यावाचून राहवत नाही. मग विमान न दिसता रिव्हेट ठोकलेला बंब दिसू लागतो!

मळालाही कारण लागते. हंटरच्या नाकाखाली ३० मिलिमीटरच्या चार एडन तोफा असत. त्यांची काजळी हवेच्या ओघाने पोटाखालून मागे पसरते. तेल मात्र विमान उभे असता सरळ खाली ओघळते, उडताना मागे ओढले जाते. भारतात हंटर १९५७ पासून आले. म्हणजे १९६१ मध्ये जुन्यातले जुने विमानही चारएक वर्षांचेच. त्याला भंगारातील गंज चढविणे म्हणजे इतिहासच खोटा रंगविणे होय, आणि अशी चित्रे पाहणाऱ्या मुलांना तीच खरी वाटू लागतात.

धुळीचेही तसेच. बेळगावच्या पश्चिमेकडील जांभ्याची तांबडी धूळ निराळी, निपाणीच्या तंबाखूच्या शेतांतील काळी माती निराळी. चाकांच्या खोबणीत रंग भरण्यापूर्वी सांबऱ्याची चिमूटभर माती पाहिलेली बरी. जुन्या कृष्णधवल छायाचित्रात काजळी, तेल आणि माती तिन्ही सारखीच काळी दिसतात. कोणता डाग कशाचा, हे त्याच्या जागेवरून आणि ओघळाच्या दिशेवरूनच ठरवावे लागते.